हक्कसोडपत्र

हक्कसोडपत्र हा स्थावर मालमत्तेतील सहमालकाने आपला अविभक्त हिस्सा दुसऱ्या सहमालकाच्या लाभात सोडून देण्याचा दस्त होय. महाराष्ट्रात वारसाहक्काने आलेल्या घराबाबत, विशेषतः बहिणींकडून भावांच्या नावे, असे दस्त मोठ्या प्रमाणावर होतात.

स्वरूप

सहमालक नसलेल्या व्यक्तीच्या नावे हक्कसोड होत नाही. त्यासाठी खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करावे लागते. हक्कसोड मोबदला घेऊन अथवा विनामोबदला करता येते. सहमालक अनेक असल्यास हिस्सा नेमका कोणाच्या लाभात सोडला, हे दस्तात स्पष्ट असणे आवश्यक आहे. 'भावांसाठी सोडला' एवढ्या मोघम शब्दांतून पुढे वाद उद्भवतात.

सोडावयाचा हक्क आधी प्राप्त झालेला असावा लागतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांच्या हयातीत मुलांना वारसा मिळण्याची केवळ शक्यता असते आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ नुसार अशी शक्यता हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे वडील हयात असताना लग्नाच्या वेळी मुलीकडून लिहून घेतलेल्या 'हक्क सांगणार नाही' अशा कागदाने तिचा वारसा सहसा संपत नाही.

मुलींचा हिस्सा

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावल्यास त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, आई, मुलगे व मुली यांना समान हिस्सा मिळतो. मुलगी विवाहित असल्याने त्यात फरक पडत नाही. मात्र राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री-वारसांना कलम २३ ची आडकाठी होती. ती २००५ च्या दुरुस्तीने दूर झाली. त्याच दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाला. त्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) या खटल्यात दिला.

माहेर तुटू नये म्हणून साडीचोळीवर हिस्सा सोडण्याची रीत अद्याप टिकून आहे. तिला कायद्याचा प्रतिबंध नाही. मात्र सोडलेला हिस्सा नात्यात वितुष्ट आले म्हणून परत मिळत नाही. कित्येकदा आईच्या निवाऱ्यासाठी तिच्याच नावे हक्कसोड केली जाते. आई, दोन मुलगे व एक मुलगी असे वारस असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश असतो आणि मुलीने आईच्या लाभात हक्क सोडल्यावर आईचा हिस्सा निम्मा होतो. आई मृत्युपत्राविना वारल्यास त्या निम्म्याचा तिसरा भाग, म्हणजे घराचा एक षष्ठांश, मुलीकडे पुन्हा येतो. आईने मृत्युपत्र करून तो इतरांस दिल्यास काहीच येत नाही.

वारसांपैकी कोणी अज्ञान असल्यास त्याचा स्वतंत्र हिस्सा पालकाने सोडण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

नोंदणी

स्थावर मालमत्तेतील १०० रुपये वा अधिक मूल्याचा हक्क सोडणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवणे सक्तीचे आहे. स्वाक्षरीपासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे सादर करावा लागतो. केवळ नोटरीसमोर केलेल्या कागदाने हिस्सा हस्तांतरित होत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क जवळच्या नातलगाच्या लाभात सोडल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे.

दस्तानंतर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार केला जातो. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. म्हणून दस्त नसताना तलाठ्याकडील जबाबावरून बहिणींची नावे कमी झालेली असली, तरी तेवढ्याने त्यांचा हिस्सा बुडत नाही. सदनिकेच्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेकडे भागपत्रावरील नाव बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो. घरावर कर्ज असल्यास सहकर्जदाराची जबाबदारी हक्कसोडीने संपत नाही; बँकेने लेखी मुक्त करावे लागते.

रद्द करणे

फसवणूक, दडपण किंवा गैरवाजवी प्रभावाखाली झालेला दस्त दिवाणी न्यायालयातून रद्द करून घेता येतो. कारण कळल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. 'सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी सही हवी' असे सांगून हक्कसोडीवर सही घेतल्याच्या तक्रारी अशा दाव्यांत नेहमी आढळतात. दस्त वाचून न पाहता केलेली सही मात्र आपोआप निरर्थक ठरत नाही. फसवणूक सिद्ध करण्याचा भार सही करणारीवरच असतो.