फॅन: देवळातून कन्सोलपर्यंत

दिवाळीत अमरावतीचा भाचा आणि अकोल्याहून आलेला त्याचा आतेभाऊ गेम खेळायच्या कन्सोलवरून तावातावाने भांडत होते. ‘मी त प्लेस्टेशनचा फॅन आहो, तुह्या एक्सबॉक्सले कोन इचारते?’ तेव्हापासून ‘फॅन’ हा शब्द डोक्यातून जाईना.

लॅटिनमध्ये ‘फानुम’ म्हणजे देऊळ. त्यावरून ‘फानाटिकुस’, म्हणजे देवळात ज्याच्या अंगात येतं तो. इंग्रजीत त्याचा ‘फॅनॅटिक’ झाला आणि धर्मवेड्याला लागू पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलवेड्यांना त्याचं छोटं रूप चिकटलं; तोच आपला फॅन. छताला फिरणाऱ्या फॅनचं कूळ वेगळं: लॅटिन ‘वान्नुस’, धान्य पाखडायचं सूप.

शब्दाचं वेड निवळलं, माणसाचं निवळायला वेळ लागतो. 2021 साली प्लेस्टेशन फाइव्ह भारतात 49,990 रुपयांना आला. एक्सबॉक्स सिरीज एक्सही तेवढ्यालाच होता. घरी एकच येणार. मग आपली निवड चुकली तर नाही ना, ही धाकधूक पोरं दुसऱ्याच्या कन्सोलला नावं ठेवून शमवतात. कंपन्यांना मात्र असं सोवळं परवडत नाही. सेगा कंपनीने 2001 मध्ये कन्सोल बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षी तिचा गेम-नायक सॉनिक प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला.

आज वऱ्हाडात ‘चाहता’ छापला जातो, तोंडी मात्र ‘फॅन’च: नटाचा, नेत्याचा, कन्सोलचा. थोडी मोठी झालेली पोरं कंपनीऐवजी एखाद्या गेमचं नाव घेऊन ‘मी त्याचा फॅन’ म्हणतात. हा वापर मला सर्वांत समंजस वाटतो.