इफिस : गाळाने बुजलेले बंदर

आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील इफिस हे नाव ख्रिस्ती वाचकाला अपरिचित नाही. नव्या करारातील एक पत्र या नगराच्या नावे आहे, आणि संत पौलाने येथे दोन वर्षांहून अधिक काळ वास्तव्य केले. त्या नगराचे अवशेष आज तुर्कस्तानातील सेल्चुक गावालगत पाहावयास मिळतात. २०१५ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या अवशेषांतून चालताना एक प्रश्न मनाचा पिच्छा सोडत नाही : एवढे वैभवशाली नगर ओस का पडले?

अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाखस याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास हे नगर दोन टेकड्यांच्या आश्रयाने नव्या जागी वसविले. लोक जुनी घरे सोडण्यास राजी होईनात, तेव्हा त्याने मुसळधार पावसात गटारांची तोंडे बुजवून जुने नगर पाण्याखाली घातले, असे भूगोलकार स्ट्राबो सांगतो. पुढे इ.स.पू. १३३ मध्ये पर्गमच्या शेवटच्या राजाने आपले राज्य मृत्युपत्राने रोमच्या स्वाधीन केले आणि इफिस हे रोमच्या आशिया प्रांतातील अग्रगण्य नगर बनले.

वरच्या वेशीतून आत शिरले की फरसबंदीचा रस्ता उताराने खाली उतरतो. त्याच्या पायथ्याशी सेल्ससचे ग्रंथालय आहे. दुसऱ्या शतकात मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूच्या तळघरात सेल्ससची कबरही आहे. तिची दुमजली दर्शनी भिंत पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात विखुरलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली. येथून थोडे पुढे गेले की टेकडीच्या उतारात कोरलेले, सुमारे २५,००० प्रेक्षक मावतील असे नाट्यगृह लागते. पौलाच्या शिकवणीमुळे अर्तमी देवीच्या रुपेरी देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल या भीतीने देमेत्रिय सोनाराने कारागिरांना चिथविले, आणि जमाव दोन तास देवीचा जयघोष करीत राहिला, तो याच ठिकाणी. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात ही हकिगत आहे. ज्या मंदिरासाठी हा गदारोळ झाला, ते प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक होते. आज तेथे तुकडे रचून उभारलेला एकच खांब पाणथळ जागेत उभा आहे.

नाट्यगृहासमोरून एक प्रशस्त राजमार्ग सरळ बंदराकडे जातो. अर्धा किलोमीटरहून लांब असलेल्या या मार्गाला सम्राट आर्केडियसचे नाव मिळाले. रात्री त्यावर ५० दिवे जळत, असा उल्लेख एका शिलालेखात आढळतो. या मार्गाच्या टोकाला मात्र समुद्र नाही; तेथे लव्हाळ्यांनी भरलेली दलदल आहे. समुद्र आज तेथून पाच-सहा किलोमीटर दूर गेला आहे. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे मोठे उत्तर येथे आहे.

कायस्टर नदी डोंगरांतील माती वर्षानुवर्षे या खाडीत आणून टाकीत होती. हे संकट कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पर्गमचा राजा दुसरा अटालस याने बांध घालून बंदराचे तोंड अरुंद केले. त्यामुळे पाणी खोल राहील असा त्याचा होरा होता. घडले उलटेच, गाळ बाहेर जाण्याची वाट अडली. नीरोच्या काळात सुभेदार सोरानस याने बंदर मोकळे केले. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने नदीचा प्रवाह वळविला. त्याच शतकात आणखी एका सुभेदाराने धक्क्यावर लाकडे रचण्यास व दगड कापण्यास बंदी केली, कारण दगडाचा चुरा पाण्यात पडून खोली कमी होत होती. तो हुकूम दगडावर कोरलेला सापडला आहे. गॉथ टोळ्यांची धाड आली, भूकंपही झाले. त्यांतून नगर पुन्हा सावरले. गाळापुढे मात्र त्याचा इलाज चालला नाही.

बंदराजवळच मरियेच्या नावाच्या चर्चचे अवशेष आहेत. इ.स. ४३१ मध्ये सार्वत्रिक धर्मपरिषद इफिस येथे मरियेच्या चर्चमध्ये भरली आणि तिने मरियेला देवमाता ही पदवी निःसंदिग्धपणे मान्य केली. त्या रात्री लोक मशाली घेऊन बिशपांना त्यांच्या मुक्कामापर्यंत पोहोचवावयास गेले. आपल्या घरोघरी जपमाळेत मरियेला देवाची माता म्हणून हाक मारली जाते, तिच्यामागे या नगराची ती रात्र उभी आहे.

पुढे बंदर निकामी झाले, वस्ती संत योहानाच्या कबरीवर सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या बॅसिलिकेभोवतीच्या टेकडीकडे सरकली, आणि खालचे नगर हळूहळू ओस पडले.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेले पत्र आहे. तीत तिच्या श्रमांची व धीराची प्रशंसा आहे. तक्रार एकच, की पहिली प्रीती उरली नाही. ती परत न आल्यास समई जागेवरून काढली जाईल, असा इशाराही आहे. हे पत्र बुजत चाललेल्या बंदराकाठी वाचले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा अर्थ अधिक खोल होतो. इफिसचे बंदर एका दिवसात बुजले नाही. दर पावसाळ्यात थोडी माती आली, आणि कुणीतरी ती उपसावी लागत होती. घराचे आणि धर्मग्रामाचेही तसेच आहे. अबोला, आळस, प्रार्थनेचा कंटाळा हे थोडे थोडेच साचत जातात. इफिसच्या सुभेदारांनी गाळ उपसला, तो अधूनमधून. नदी मात्र रोज वाहत होती.