साप्ताहिक पूरक वर्ग (ख्रिस्ती गृहशिक्षण)

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलांना आठवड्यातून एकदा एकत्र आणणारे वर्ग. प्रयोग, चित्रकला, वाद्यवादन, नाट्य, सांघिक खेळ असे घरी एकट्याने न जमणारे विषय पालक आळीपाळीने शिकवतात. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुजली.

महाराष्ट्रात तिला सर्वांत जवळची परंपरा रविवारच्या शाळेची, म्हणजे जुन्या मराठी ख्रिस्ती बोलीतल्या शब्बाथशाळेची. रॉबर्ट रेक्स याने १७८० च्या सुमारास ग्लॉस्टर येथे कष्टकरी मुलांसाठी अशी शाळा काढली. तेथे धर्मपाठाबरोबर अक्षरओळखही होई. मराठी मंडळ्यांत मुले वचने तोंडपाठ करतात, नाताळचे नाटक बसवतात आणि पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे म्हणतात. मिशनऱ्यांच्या चालींऐवजी मराठी भजनाचा ठेका मुलांच्या कानावर पडणे, हे या परंपरेचे मोठेच देणे.

गृहशिक्षणाची कायदेशीर बाजू मात्र धूसर आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी असून त्यात गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. दहावीसाठी राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा सतरा नंबरचा अर्ज किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) हे मार्ग खुले असतात.

असे साप्ताहिक वर्ग भरवायला जागाही मध्यवर्ती लागते. उदाहरणार्थ, कासारवाडी हे पुणे–लोणावळा लोकलवरचे दापोडी आणि पिंपरी यांमधले स्थानक. नाशिक फाटाही लगतच. चाकण ते पुणे अशा विखुरलेल्या कुटुंबांना आठवड्याला एकदा जमायला अशी जागा सोयीची ठरते.