कितपत भाजू?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मीरा रोडच्या नयानगरात खाटकाच्या ओट्यापाशी उभं राहून ‘स्टेकसाठी अंडरकट द्या’ म्हटलं, की तो दुसरा प्रश्न विचारत नाही. कण्याच्या खालच्या बाजूची लांबट, मऊ पट्टी काढतो, तिच्यावरचा पांढरट पापुद्रा सुरीनं सोलतो आणि दोन बोटं जाडीच्या आडव्या चकत्या कापून कागदात बांधून देतो. अंडरकट हा साहेबाच्या भाषेतला जुना शब्द. त्याच्या देशात आता फिलेट म्हणतात, अमेरिकेत टेंडरलॉइन म्हणतात. आपल्या मुंबईत आणि आसपास मात्र तो जुना शब्द खाटकाच्या तोंडी जिवंत राहिला. बंगले गेले, क्लब बदलले, शब्द ओट्यावर टिकला.

खाटकाचं काम इथं संपतं आणि घरात प्रश्न सुरू होतो: कितपत भाजू? माझी आई स्टेक खायची, पण मध्ये जरा गुलाबी दिसलं की ताट बाजूला सारायची. आमच्या धाकट्याला नेमकं ते गुलाबीच हवं असतं. त्याचं म्हणणं, पूर्ण भाजलेला स्टेक म्हणजे वाया घालवलेलं मांस. हॉटेलांतली मोठी मंडळीही असंच म्हणतात. ‘वेल डन’ मागणाऱ्याकडे वेटर ज्या नजरेनं पाहतो, ती नजर आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. जणू ज्याला चव कळत नाही, तोच पूर्ण भाजलेलं मागतो.

मी कवितेचा माणूस, पण बी.ए.ला इतिहास हा माझा विषय होता. त्यामुळे या नजरेमागचा इतिहास शोधावासा वाटला. आणि तो शोधताना एक गोष्ट लक्षात आली, की मांस कितपत भाजायचं हे जिभेनं ठरवण्याच्या आधी हवेनं, जनावराच्या वयानं आणि कायद्यानं ठरवलेलं असतं.

स्टेक हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. सळईला टोचून भाजलेलं मांस, असा त्याचा मूळ अर्थ. इंग्लंडात या पदार्थाचं इतकं कौतुक, की १७३५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात नट आणि चित्रकारांनी मिळून त्याच्या नावाची मंडळीच काढली. लोखंडी जाळी हे त्यांचं बोधचिन्ह. पण हे कौतुक कुठल्या मांसाचं? थंड देशात, खास खाण्यासाठी पोसलेल्या जनावराचं. ते कापलं की लगेच खात नसत. थंड खोलीत दिवसचे दिवस टांगून ठेवत. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. गारव्यात ठेवलं तर मांसातलीच पाचक द्रव्यं हळूहळू त्यांना सैल करतात. असं मुरलेलं मांस जाळीवर दोन बाजूंनी शेकलं तरी दाताखाली सहज तुटतं. आतला गुलाबी रंग ही त्या गारव्याची देणगी आहे.

आता तोच साहेब मुंबईत आला. इथं पहाटे कापलेलं मांस दुपारच्या आत चुलीवर चढवावं लागे. बर्फ आला तोही बोस्टनहून, जहाजातून, १८३४ साली. त्या वर्षी जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, ती बातमी ‘मुंबई समाचार’मध्ये आली, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. सरबताला आणि आइस्क्रीमला पुरणारा तो बर्फ अख्खं जनावर आठवडाभर टांगून ठेवायला कुठून पुरणार? पुढं १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. उंच छप्पर, वारा खेळता, मांसाचा विभाग वेगळा. तरी हवा मुंबईचीच!

दुसरी गोष्ट जनावराची. आपल्याकडे बैल खाण्यासाठी कधी पोसला गेला नाही. तो नांगराला जुंपला, मोटेला जुंपला, गाडी ओढली आणि थकल्यावर बाजारात आला. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यानंही हेच पक्कं केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९५८ मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात निकाल दिला, की गाईंच्या कत्तलीवर संपूर्ण बंदी घालता येईल, पण काम करण्याची ताकद संपलेल्या बैल-म्हशींवर सरसकट बंदी घालता येणार नाही. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६ चा. त्यानुसार बैल कापायचा तर तो ओढकामाला किंवा पैदाशीला परवडणारा उरलेला नाही, असा दाखला लागे. म्हणजे पूर्वी वांद्र्याच्या आणि १९७१ नंतर देवनारच्या कत्तलखान्यातून शहरात येणारं ‘बड्याचं’ मांस हे नियमानंच म्हाताऱ्या, राबलेल्या जनावराचं होतं.

राबलेल्या स्नायूत चिवट धागे असतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. मंद आचेवर, ओलाव्यात, तासन् तास शिजलं तरच ते विरघळतं. म्हणून आपल्याकडे निहारी आली, पाये आले, दम आला. आणि जिथं पटकन भाजायचं तिथं कच्ची पपई आली. पपईच्या चिकात पपेन असतं, ते मांसाचे धागे तोडतं. आमच्या घरांत पसंदे होतातच. मांसाच्या पातळ पट्ट्या सुरीच्या पाठीनं ठेचायच्या, पपई-आलं-लसूण लावून ठेवायच्या आणि तव्यावर पूर्ण भाजायच्या. साहेबाच्या खानसाम्यांत मुसलमान होते, गोव्याचे ख्रिस्ती होते. स्टेक करायला सांगितल्यावर त्यांनी हातचं कसब वापरलं आणि साहेबाचा स्टेक पसंद्याच्या जवळ येऊन बसला. पूर्ण भाजलेला, ठेचलेला, मसाला लावलेला. हे अडाणीपणातून झालं नाही. त्या हवेत त्या मांसाचं जे चांगलं होऊ शकत होतं, तेच त्यांनी केलं.

तिसरी गोष्ट रक्ताची. माझ्या आईनं ताट सारण्यामागे ती होती. मुसलमानाला वाहतं रक्त निषिद्ध आहे. हलाल करताना ते वाहून जाऊ देतात. मग ताटात लाल पाणी दिसलं की मन मागं घेणारच. पण ताटातलं ते लाल पाणी रक्त नसतं. स्नायूत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा तो रंग. पाण्यात मिसळून तो बाहेर येतो, आणि आच वाढली की तपकिरी होतो. फिक्हच्या ग्रंथांतही मनाई वाहत्या रक्ताची सांगितली आहे. मांसात मुरून राहिलेल्या ओलाव्याची नाही. हे मी आईला सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं, तरी माझा नीट भाज.’ इतिहास कळला म्हणून जीभ बदलतेच असं नाही, आणि बदलावीच असंही नाही.

आता वर काय घालायचं ते. त्यासाठी आमच्याच महापालिकेच्या दुसऱ्या टोकाला, उत्तनकडे जायला हवं. उत्तन, डोंगरी, चौक, पाली ही जुनी किनारी गावं. वसईच्या तहानं १५३४ मध्ये हा पट्टा पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. इथल्या ख्रिस्ती कोळी-कुणब्यांनी दोनशे वर्षांत धर्म घेतला, भाषा मराठीच ठेवली, आणि स्वयंपाकात सिरका घेतला. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या जुबिलीच्या साली, मुंबई परिसरातल्या या समाजानं स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं. त्यांच्या घरांतला बाटली मसाला प्रसिद्ध आहे. तिकडच्या ओळखीच्या मावशी स्टेकला आलं-लसूण, मिरी आणि सिरका लावून ठेवतात. सिरक्यानं चव धारदार होते, म्हणून वर गोडसर परतलेला कांदा लागतोच. पोर्तुगालमध्ये स्टेकवर तळलेलं अंडं ठेवतात आणि त्याला घोड्यावरचं अंडं म्हणतात. पिवळा बलक फुटून मांसावर पसरतो, तोच रस्सा.

बारकाईनं पाहिलं तर वर घातलेली प्रत्येक वस्तू मांसातली एखादी उणीव भरून काढते. इंग्रज लोणी ठेवतो, फ्रेंच अंड्या-लोण्याचा सॉस घालतो, आपण कांदा, हिरवी मिरची, लसणाचं लोणी, मश्रूम घालतो. चरबी कमी असेल तिथं लोणी हवं, कोरडेपणा असेल तिथं रस हवा. मुंबईनं याचं एक भव्य रूपही काढलं. १९६३ मध्ये एक्सेल्सिअर सिनेमाच्या इमारतीत फिरोज इराणी यांनी ‘सिझलर’ नावाचं हॉटेल काढलं, आणि तापलेल्या लोखंडी ताटलीत चर्र करत येणारा पदार्थ भारतात तिथून पसरला, असं सांगितलं जातं. सिझलरमध्ये मांस टेबलावर पोचल्यावरही भाजत राहतं. म्हणजे वेल डनवाल्यांची सोय आपोआप झाली!

यानंतर २०१५ साल आलं. महाराष्ट्र विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मधल्या काळात, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं गुजरातच्या अशाच कायद्याला मान्यता देऊन १९५८ चा विचार मागं टाकला होता. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कायदेशीर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कुरेशी खाटीक, चामड्याचे व्यापारी, म्हातारा बैल विकून नवा घेणारा शेतकरी, या सगळ्यांच्या हिशेबात तेव्हा खाडा पडला. आमच्या स्वयंपाकघरात म्हैस आणि रेडाच उरले.

२०१५ च्याच सप्टेंबरात, पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याच्या आमच्या महापालिकेच्या निर्णयावरून राज्यभर वाद झाला. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती. जैन, गुजराती, आगरी, कोळी, ख्रिस्ती, उत्तर भारतीय, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून इकडं आलेली मुसलमान कुटुंबं, सगळे इथं एकमेकांच्या खिडकीसमोर राहतात. आमच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. त्यांच्या पर्युषणात आमच्या घरी स्टेकचा तवा तापत नाही. शेजाऱ्यासाठी मी आठ दिवस थांबतो तेव्हा ते माझं सौजन्य असतं. तेच हुकमानं करायला लावलं, की माझ्याकडे देण्यासारखं काही उरत नाही. खाण्याच्या भांडणात नेमकी हीच गोष्ट हरवते.

म्हशीच्या मांसानं तव्यावरचा हिशेब थोडा बदलला. ते रंगानं गडद, चरबी पांढरी आणि कमी. त्यामुळे पूर्ण भाजताना ते लवकर कोरडं पडतं. म्हणून घरी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. मांस अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा आणि फडक्यानं टिपून कोरडं करा. ओल्या मांसावर तांबूस कवच येत नाही. ते कवच आणि त्याचा वास कसा तयार होतो, ते मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये मांडलं. कवचामुळे आतला रस कोंडून राहतो, ही जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगची एकोणिसाव्या शतकातली समजूत मात्र खोटी ठरली आहे. कवच चवीसाठी, रस टिकतो तो आच आवरल्यानं. भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं, पण या कामाला जाड लोखंडी किंवा बिडाचा तवाच बरा, कारण तो उष्णता धरून ठेवतो. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, मग कापा.

तापमापक असेल तर आत साधारण ५५ अंश सेल्सिअसला मांस लालसर, ६० च्या आसपास गुलाबी आणि ७१ च्या वर पूर्ण भाजलेलं असतं. अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा, हे अमेरिकी कृषी खात्याचं सुरक्षित माप आहे. खिमा किंवा टोचून-ठेचून मऊ केलेलं मांस मात्र ७१ पर्यंत न्यावं, कारण बाहेरचे जंतू आत गेलेले असतात. गरोदर बाई, लहान मूल आणि म्हातारं माणूस यांच्यासाठी पूर्ण भाजलेलंच.

मग एकाच घरात दोन आवडी कशा सांभाळायच्या? अंडरकट दोन प्रकारे कापून घ्या. ज्यांना पूर्ण भाजलेलं हवं त्यांच्यासाठी पातळ तुकडे, हलकेच ठेचून, अर्ध्या किलोला चमचाभर पपई लावून अर्धा तास ठेवलेले; जास्त वेळ ठेवलं तर लगदा होतो. ज्यांना गुलाबी हवं त्यांच्यासाठी दोन बोटं जाड, नुसतं मीठ आणि मिरी लावलेले. दोन्ही एकदमच तव्यावर टाका. पातळ तुकडा आतपर्यंत भाजून निघतो तेवढ्या वेळात जाड तुकडा मध्ये गुलाबी राहतो. दोघांची ताटं एकाच वेळी लागतात, कुणी कुणासाठी थांबत नाही आणि कुणाला कुणाकडे त्या वेटरच्या नजरेनं पाहावं लागत नाही.

मांस निघालं की त्याच तव्यात लोणी आणि कांदा टाका. वर अंडं, मश्रूम की नुसतं लिंबू, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तव्याला चिकटलेल्या रसात पाव फिरवायचा मान मात्र भाजणाऱ्याचा.