आरोग्यक्षेत्रांची आखणी

प्रदेशातील गावे निरनिराळ्या आरोग्यकेंद्रांना जोडून देताना केंद्रांवरील भार समतोल राहील व रुग्णांचा प्रवास कमीत कमी होईल, अशी योजना करणे म्हणजे आरोग्यक्षेत्रांची आखणी होय.

भारतात ही आखणी मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणावर आधारलेली आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात, अल्पकालीन योजना म्हणून, ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र सुचविले. समूह विकास योजनेबरोबर १९५२ पासून अशी केंद्रे निघू लागली. पुढे हे प्रमाण सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ, आदिवासी प्रदेशांत २०,००० असे ठरले. उपकेंद्रांसाठी ते अनुक्रमे ५,००० व ३,००० आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात या पद्धतीची मर्यादा स्पष्ट दिसते. सह्याद्रीचे फाटे व खाड्या यांमुळे प्रदेश तुटक झाला असून वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली आहे. दाभोळ (ता. दापोली) व धोपावे (ता. गुहागर) ही गावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर असली, तरी खुष्कीच्या मार्गाने मोठा वळसा पडतो. २००३ मध्ये वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाल्याने तो वाचला; परंतु फेरी बंद असताना अंतर पूर्ववत होते. अडलेल्या बाळंतिणीस वा सर्पदंश झालेल्यास नकाशावरील अंतरापेक्षा प्रवासाचा वेळच महत्त्वाचा असतो.

हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडण्याचे कार्य १९६० नंतर झाले. हाकिमी यांनी १९६४ मध्ये एकूण प्रवास किमान करणाऱ्या केंद्रस्थानांचा सिद्धांत मांडला. चर्च व रेव्हेल यांनी १९७४ मध्ये, ठराविक केंद्रांतून जास्तीत जास्त लोक नियत अंतराच्या आत कसे आणावेत, याची रीत दिली. या रीतींतील उद्दिष्टे परस्परविरोधी ठरू शकतात. समजा, १२ किमी. रस्त्याच्या एका टोकास ३,००० व दुसऱ्या टोकास ५०० लोकांची वस्ती आहे. केंद्र मोठ्या गावी ठेवल्यास प्रत्येकाच्या एका खेपेचा एकूण प्रवास ६,००० व्यक्ति-किमी. होतो, पण लहान वस्तीस १२ किमी. जावे लागते. केंद्र मध्यावर नेल्यास सर्वांस ६ किमी. पडतात, मात्र एकूण प्रवास २१,००० व्यक्ति-किमी. होतो. पहिली योजना काटकसरीची, तर दुसरी समतेची आहे.

कोकणपट्टीत अशा पद्धतीचा उपयोग हॉजसन यांनी १९८८ मध्ये गोव्यातील सासष्टी तालुक्याच्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या अभ्यासात केला. गणित प्रत्येक योजनेची किंमत दाखविते. दूरच्या वाडीसाठी ती किती सोसावी, हा निर्णय मात्र समाजाचाच राहतो.