गोड पाणी, काळी बाटली

आजची गोष्ट उत्तनमधल्या माझ्या मित्राच्या अंगणातली. तिथे त्यांची जुनी बाव आहे, म्हणजे विहीर. मीरा-भाईंदरला एकीकडे समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी, मध्ये मिठागरं. इथे विहिरीला गोडं पाणी लागणं म्हणजे नशीबच! मित्राची आजी घोटभर पिऊन निकाल द्यायची, "गोड आहे, प्या."

गेल्या पावसाळ्यात त्याच्या छोट्या भाचीला जुलाब लागले. मित्राने लगेच टीडीएस मीटर बुडवला. आकडा 500 च्या आत, म्हणजे भारतीय मानकात बसणारा. मग आजी बरोबर?

थांबा. जिभेला खारटपणा कळतो, मीटरला विरघळलेले क्षार कळतात. जंतू दोघांनाही कळत नाहीत.

ही फसगत जुनी आहे. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा पसरला. तिथून लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाईही त्यात गेली. का? तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते मुद्दाम मागवायची! डॉ. जॉन स्नो यांच्यासाठी हा मोठा पुरावा ठरला. चवीला चांगलं पाणीच माणसं मारत होतं.

पुढे 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांना कोलकात्याच्या एका तळ्यात कॉलऱ्याचा जंतू सापडला. 1890 च्या दशकात हॅन्किन हे शास्त्रज्ञ आपल्याकडच्या विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून जंतू मारायचा प्रयत्न करत होते. पण पाणी तपासायचं तर प्रयोगशाळा हवी. गावातल्या माणसाने काय करायचं?

उत्तर भारतातूनच आलं. 1982 मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी एक सोपी चाचणी मांडली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं. विष्ठेसोबत येणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याची लोहाशी क्रिया होते आणि पाणी काळं पडतं. ना मायक्रोस्कोप, ना वीज.

मित्राने तशी बाटली आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळी कुळकुळीत!

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. खाडीकाठच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तरी बाटली काळी पडू शकते. म्हणून त्याने प्रयोगशाळेतही नमुना दिला. मानक सांगतं, 100 मिलीलीटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. रिपोर्टमध्ये तो निघाला. शोधल्यावर कळलं, शेजारचा शोषखड्डा विहिरीच्या फारच जवळ होता आणि पावसात त्याचं पाणी झिरपत होतं.

आजी आधी रागावली. तिच्या सासूने खणून घेतलेली बाव ती! मग गप्पपणे पिण्याचं पाणी उकळायला लागली. यंदा जूनमध्ये तिनेच विचारलं, "अरे, ती बाटली आणली का?"

तुमच्या घरी विहीर असेल तर पावसाळ्यात एकदा तपासा. आणि हो, नुसती चव बघून नाही! भेटू पुढच्या भागात.