कमरेचा कोयता

आजचं बोलणं आहे एका छोट्या अवजाराबद्दल. माळशेज घाटात फिरायला येणारी शहरातली मुलं खिशात घडीचा चाकू ठेवतात. फांदी तोडायला, फळ कापायला, दोरी सोडवायला. आपल्या मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर, कातकरी, वारली बायामाणसांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोयत्याकडूनच घेतलं. कमरेला लाकडाची आकडी बांधायची, तिच्यात कोयता अडकवायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून रान चढायचं. मोळी बांधा, करवंदीच्या जाळीतून वाट काढा, रात्री मुक्काम पडला तर चुलीपुरतं सरपण करा. सगळ्याला एकच अवजार.

हे अवजार घडवणाऱ्यांत बायकांचा हात मोठा. घिसाडी समाजाची बिऱ्हाडं गावोगाव फिरत आली. पाल ठोकून भाता लावायचा, पुरुषानं तापलेलं लोखंड सांडशीत धरायचं आणि बाईनं उभं राहून घण घालायचा. आपल्या हातातल्या विळ्या-कोयत्यावर अशा कितीतरी बायांचे घाव आहेत. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

पण कोयता हातात असणं वेगळं आणि तो चालवायचा हक्क असणं वेगळं. इंग्रज सरकारनं १८७८ साली वनकायदा केला आणि आपल्या डोंगरांचा मोठा भाग राखीव जंगलात गेला. आता भाताचं नि नागलीचं रोप करायचं तर राब भाजावा लागतो. त्यासाठी झाडाचा टहाळ तोडून, वाळवून, वाफ्यावर पसरून पेटवायचा. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. त्यामुळे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. एका साध्या कोयत्यानं टहाळ तोडावा की नाही, हा प्रश्न सरकारदरबारी पोचला होता.

पुढे १९२७ चा वनकायदा आला. त्याच्या कलम ५२ प्रमाणे जंगलाचा गुन्हा झाल्याचा संशय असेल तर मालाबरोबर अवजारंही जप्त करता येतात. ज्या घरात कोयता एकच, त्या घराला ही जप्ती म्हणजे हातच तोडल्यासारखी.

विळ्याचीही अशीच गोष्ट आहे. त्या काळी ठाणे जिल्ह्यातलं गवत मुंबईला जायचं. गवत कापायचं वारल्यांनी, पैसा मालकाचा, आणि वर वेठबिगार. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातले वारली तिथं आले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर लढा उभा राहिला. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी द्या, अशी मागणी होती. ती मिळेपर्यंत विळे थांबले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. तरी संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी या लढ्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं. गटात वाचायला फार चांगलं आहे.

आज काय? २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानातल्या गौण वनोपजावर, म्हणजे बांबू, मध, मोह, तेंदूपान, झुडपी लाकूड यांवर, आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांचा हक्क मानला. इमारती लाकूड त्यात येत नाही, हे ध्यानात ठेवा. वनजमिनीचा हक्क लग्न झालेल्यांना नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. गावच्या वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया असायला हव्यात. म्हणून आपल्या घरच्या कागदावर आपलं नाव आहे का, ते एकदा उघडून बघा. नसेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा.

आता अवजार निवडायचं कसं, तेही सांगते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, खांबलिंगेश्वराची. बैलबाजार, घोंगड्या, शेतीची अवजारं, सगळं असतं. तिथं कोयता घेताना घाई करू नका. पात्यावर नखानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठं चीर असेल. गाडीच्या पाट्याचं पोलाद असेल तर धार टिकते. पाणी कमी दिलं असेल तर धार वाकते, जास्त झालं तर टवका उडतो, म्हणून धारेवर उजेड पाडून बघा. मुठीत शेपूट खोलवर गेलेलं असावं आणि तोंडाशी लोखंडी कडं घट्ट असावं. शेवटी हात लांब करून धरा. पुरुषाच्या मापाचा जड कोयता दिवसभरात मनगट मोडतो. आपल्या मनगटाला पेलेल तोच घ्या.

एसटीनं किंवा कसारा-कल्याण गाडीनं येताना धारेला गोणपाट गुंडाळून दोरी बांधा. गर्दीत कुणाला लागायला नको. शेतीच्या आणि घरकामाच्या अवजाराला शस्त्राचा परवाना लागत नाही, पण उघडं पातं हातात घेऊन फिरलात तर पोलीस विचारणारच.

आणि घरी आल्यावर कोयता कोरडा पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. चांगला निवडलेला कोयता सुनेच्या हातापर्यंत पोचतो. कागदावरचं नावही तसंच पोचावं.